पलीकडच्या गावात काय झालं?

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली जामखेडला ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह रूरल हेल्थ प्रोजेक्ट’ सुरू केला. त्या वेळी या भागात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी 176 बाळं वर्षाची होण्याआधीच दगावत होती, अशी प्रकल्पाची नोंद आहे. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत हा आकडा तिशीच्या खाली आला. 1975 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जामखेडच्या कामावर एका पुस्तकात स्वतंत्र प्रकरण छापलं, 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जामखेडचं नाव जगभरच्या आरोग्य चर्चांत पोचलं. तेव्हापासून हे दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवून सांगितले जातात, आणि ऐकणारा मनातल्या मनात निष्कर्ष काढतो की ही घट प्रकल्पामुळे झाली.

मला आरोळे दांपत्याच्या कामाबद्दल नितांत आदर आहे. त्या आदरापोटीच या निष्कर्षाची उलटतपासणी करावीशी वाटते. त्याच तीस वर्षांत रस्ते झाले, एसटी आली, 1972 च्या दुष्काळानंतर रोजगार हमीची कामं आली, सरकारी लसीकरण सुरू झालं, मुली शाळेत जाऊ लागल्या. बालमृत्यू सगळ्या महाराष्ट्रातच घटत होते. मग जामखेडच्या गावांतली किती घट प्रकल्पाच्या पदरी टाकायची?

कशामुळे काय झालं, हा वाद आधी घराघरांत झाला आहे. प्रकल्पाची सुरुवातीची भिस्त नर्सवर होती. ते गावात रुजेना, तेव्हा गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून शिकवायचं ठरलं. त्यातल्या बऱ्याच निरक्षर होत्या, कित्येक दलित. अशी बाई बाळंतिणीच्या घरी जाऊन सांगणार की बाळाला चीक पाजा, जुलाब लागले तर पाणी तोडू नका. त्या घरची सासू म्हणणार, आम्ही चीक काढूनच टाकत आलो, माझी लेकरं वाढलीच की!

सासूचं म्हणणं अडाणीपणाचं म्हणून झटकून टाकणं सोपं आहे, पण ते अन्यायाचं होईल. तिच्याकडे पुरावा आहे, तोही डोळ्यांनी पाहिलेला. वाढलेली मुलं तिच्यासमोर उभी आहेत. गेलेली मात्र देवीच्या कोपाच्या, नजरेच्या, नशिबाच्या खात्यावर जमा झाली आहेत. सेविकेकडेही डोळ्यांनी पाहिलेलं आहे: पाणी पाजलं आणि अमक्याचं पोर वाचलं. दोघींचं प्रत्यक्ष खरं, आणि दोघींचे निष्कर्ष उलटे. इथे आणखी एक उदाहरण देऊन वाद मिटत नाही. एका गावातली सगळी बाळं मोजावी लागतात, जगलेली आणि गेलेलीही.

आपल्या न्यायदर्शनाने हा पेच फार पूर्वी ओळखला होता. दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एकीवरून दुसरीचं अनुमान करता येतं का? धूर असेल तिथे अग्नी असतो, हे बरोबर. पण अग्नी असेल तिथे धूर असतोच, हे चूक. लालबुंद तापलेल्या लोखंडात अग्नी आहे, धूर नाही. धुराला ओलं सरपण लागतं. मधल्या या लपलेल्या अटीला नैयायिकांनी ‘उपाधी’ म्हटलं आणि ती शोधल्याशिवाय अनुमान पक्कं मानू नये, असा दंडक घातला. जामखेडपुढचा प्रश्न नेमका हाच आहे. प्रकल्प आणि घटलेले मृत्यू सोबत दिसतात, पण मध्ये सुबत्ता, शिक्षण, जात यांपैकी एखादी उपाधी दडलेली नाही ना?

ती शोधायची तर पलीकडच्या, म्हणजे प्रकल्पाबाहेरच्या गावांत जावं लागतं. 2010 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने तेच केलं. प्रकल्पातल्या आणि प्रकल्पाबाहेरच्या गावांत जाऊन आयांना त्यांच्या बाळंतपणांबद्दल आणि मुलांबद्दल विचारलं. 1992 ते 2007 या काळाचा हिशेब मांडला. जात, आईचं शिक्षण, घरची परिस्थिती यांतला फरक वजा केला. उत्तर आलं: प्रकल्पाच्या गावांत पाच वर्षांखालच्या मुलांच्या मृत्यूचा धोका सुमारे 30 टक्क्यांनी कमी.

176 वरून तिशीखाली, या दिमाखदार उतारापुढे 30 टक्के किरकोळ वाटतील. दोन्ही आकडे वेगवेगळ्या वयाचे आणि काळाचे आहेत, त्यामुळे त्यांची थेट तुलना होत नाही हे खरंच. तरी दोन्हींपैकी एकावर पैज लावायची झाली, तर मी 30 टक्क्यांवर लावीन. त्याला आडवा प्रश्न विचारला गेला आणि त्यातून तो तरला.

अर्थात त्यालाही प्रश्न आहेत. काही तासच जगलेल्या बाळाबद्दल आई वर्षांनंतर किती सांगेल? शिवाय जामखेडच्या दवाखान्यात बाहेरच्या गावांतले लोकही येतात, म्हणजे फरक असेल त्याहून कमी दिसत असण्याचीही शक्यता आहे. तुलनेची गावं मागाहून निवडली की अशा शंका उरतातच.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ती गावं आधीच ठरवली होती: 39 गावांत घरोघर नवजात बाळांची काळजी, 47 गावं तुलनेसाठी. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला होता. तरी शंका होती की हे बंगांच्या हातगुणामुळे तर नाही? गावं चिठ्ठ्या टाकूनही निवडलेली नव्हती. मग बांगलादेशात सिल्हेटला दुसऱ्या लोकांनी तशीच पद्धत वापरून पाहिली, आणि तिथे भाग चिठ्ठी पद्धतीने वाटून घेतले. 2008 मध्ये उत्तर आलं: 34 टक्के घट. आकडा निम्म्याच्या आसपास आला, पण दावा टिकला. पद्धत माणसावर अवलंबून नाही, हे त्यातून कळलं. एवढं कळण्यासाठी दुसऱ्याच्या हातांनी केलेली चाचणीच लागते. मूळ संशोधकाची थोरवी तिथे कामाला येत नाही.

या सगळ्या वादावादीतून सरकारी धोरण घडलं. 2005 नंतर देशभर आशा कार्यकर्त्या नेमल्या गेल्या आणि 2011 पासून नवजात बाळाच्या घरभेटी त्यांच्या कामात आल्या. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे 42 दिवसांत सहा भेटी, घरी जन्मलेल्याकडे सात. तुमच्या घरी तान्हं बाळ असेल तर तिसऱ्या दिवशी आशाताई येतील. त्यांना बाळाचं वजन करू द्या, आणि त्यांनी वहीत काय लिहिलं तेही विचारा.