थंडीने शिंगे नाहीशी होतात का?

पोळा जवळ आला की बुलढाणा जिल्ह्यातल्या अमडापूरसारख्या गावात बैलांची शिंगे साळतात, रंगवतात, त्यांना बेगड लावतात. बिनशिंगी बैल तिथे क्वचितच दिसेल. थंड स्कॉटलंडमधल्या, मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या अँगस आणि गॅलोवे जातींना मात्र शिंगेच नसतात. ती थंडीने गेली असतील का?

आधी शिंगाची रचना पाहू. बाहेरचे आवरण केराटिनचे, म्हणजे आपल्या नखांच्याच द्रव्याचे असते. ते निर्जीव असते. आत मात्र कवटीतून वाढलेला हाडाचा गाभा आणि त्यावर रक्तवाहिन्यांचे जाळे असते. म्हणूनच शिंगाचे बूड हाताला कोमट लागते आणि टोक गार. या वाटेने शरीरातली उष्णता बाहेर जाते. उन्हाळ्यात हा फायदा, कडाक्याच्या थंडीत तोटा.

तरीही स्कॉटलंडच्याच डोंगराळ भागातल्या हायलँड गुरांना लांबलचक शिंगे आहेत आणि ती हिवाळाभर उघड्यावर राहतात. त्यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात : आत मऊ, दाट आणि बाहेर लांब, तेलकट. शिवाय पोटात चारा आंबताना उष्णता निर्माण होते. शिंगांतून होणारा तोटा यातून भरून निघतो.

म्हणजे बिनशिंगी जाती थंडीने नव्हे, माणसाने निवडून वाढवल्या. हिवाळ्यात गुरे गव्हाणीपाशी दाटीने उभी राहतात. शिंगवाले जनावर ढुशी देऊन बिनशिंगीला मागे सारते. चाऱ्याची गरज सर्वांत जास्त, तेव्हाच ते उपाशी राहते. म्हणून दोन्ही प्रकारची गुरे एकत्र पाळताना चारा दूरदूर, ऐसपैस जागेत घालावा लागतो.

मेंडेलचे वाटाणे शिकवताना हेही उदाहरण घ्या. बिनशिंगीपणा हा प्रभावी गुण आहे. शुद्ध बिनशिंगी वळू आणि शिंगवाली गाय यांची सर्व वासरे बिनशिंगी निपजतात. अशा संकरित वळूची शिंगवाल्या गाईपासून होणारी वासरे मात्र सरासरीने निम्मीच बिनशिंगी असतात.

आपल्याकडेही संकरित वासरांचे शिंगांचे अंकुर डागतात. साधारण दोन महिन्यांपर्यंत अंकुर कवटीला जुळलेला नसतो. त्यानंतर शिंग काढायचे म्हणजे जिवंत हाडच कापायचे. हे काम लवकर, पशुवैद्याकडून आणि भूल देऊनच करून घ्यावे.

येत्या पोळ्याला मालकाला विचारून, गरीब बैलाच्या शिंगाचे बूड आणि टोक विद्यार्थ्यांना हात लावून पाहू द्या. फार खोल साळल्यास रक्त का येते, हे मग वेगळे सांगावे लागणार नाही.