दिवा लागला म्हणजे गिअरबॉक्स गेला?

पोर्शे ९११च्या डॅशबोर्डवर गिअरबॉक्समध्ये बिघाड असल्याची सूचना उमटते. गाडी एकाच गिअरमध्ये अडकून बसते, कधी रिव्हर्सच पडत नाही, आणि मालकाला सांगितलं जातं की गिअरबॉक्स बदलावा लागेल. त्याची किंमत आपल्याकडे एखाद्या नव्या छोट्या मोटारीहून जास्त भरते. ही श्रीमंतांची डोकेदुखी आहे, असं म्हणून विषय सोडून देता येईल. पण याच जातीचे गिअरबॉक्स आज मध्यमवर्गीय घरांपुढे उभ्या असणाऱ्या गाड्यांतही आहेत आणि त्यांच्या पडद्यावरही हीच सूचना उमटते. माझं म्हणणं असं, की ही सूचना गिअर खराब झाल्याचा पुरावा नसते. संगणकाने मागितलेली गोष्ट आणि त्याला मिळालेलं उत्तर यांचा मेळ बसला नाही, एवढंच ती सांगते. तो मेळ कुठे चुकला हे शोधण्याआधीच सर्वांत महागडा भाग बदलायला काढणं याला निदान म्हणता येत नाही. तो अंदाज असतो, आणि त्या अंदाजाचे पैसे मालकाच्या खिशातून जातात.

आधी या यंत्राचं काम पाहू. पोर्शेने २००८ साली ९११मध्ये दिलेला पीडीके किंवा फोक्सवॅगनने २००३ साली गोल्फ आर३२मध्ये आणलेला डीएसजी, दोन्हींत क्लच एक नसून दोन असतात. एका क्लचकडे विषम गिअर, दुसऱ्याकडे सम. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये धावत असताना चौथा आधीच लावून ठेवलेला असतो. एक क्लच सुटता सुटता दुसरा धरतो आणि चाकांकडे जाणारी ताकद क्षणभरही तुटत नाही. चालकाच्या पायाखाली क्लचचं पेडल नाही, म्हणजे डाव्या पायाला जे आपोआप कळायचं ते आता कुणाला तरी मोजावं लागतं. शाफ्ट किती वेगाने फिरतो, तेलाचा दाब आणि तापमान किती, गिअर सरकवणारा फोर्क नेमका कुठे आहे, हे सगळं सेन्सर सांगतात. त्यावरून गिअरबॉक्सचा संगणक हुकूम सोडतो आणि सोलेनॉइड नावाचे विजेवर चालणारे व्हॉल्व्ह तेलाचा दाब हवा तिकडे वळवतात. या साखळीतली एक कडी गप्प झाली किंवा चुकीचं बोलली, तर संगणक धोका पत्करत नाही. तो गिअर मर्यादित करतो, गाडी कशीबशी घरी पोचेल एवढीच मुभा ठेवतो. दातेरी चाकं धडधाकट असतानाही हे घडतं.

गाडीला स्कॅनर लावला की कोड येतो, आणि कोड म्हणजे उत्तर असा समज इथूनच पसरतो. पी०७०० हा अनेक गाड्यांत दिसणारा कोड घ्या. त्याचा अर्थ फक्त असा, की गिअरबॉक्सच्या संगणकाकडे काहीतरी नोंद झाली आहे, त्याला विचारा. इंजिनचे कोड तेवढे वाचणाऱ्या स्वस्त स्कॅनरला ती खरी नोंद दिसतच नाही. पी०७१५ आला तर आत येणाऱ्या शाफ्टच्या वेगाचा संकेत बरोबर मिळत नाही, एवढं कळतं. सेन्सर मेला, तार तुटली, की कनेक्टरमध्ये पाणी शिरलं, हे कळत नाही. यू०१०१ सांगतो की गिअरबॉक्सच्या संगणकाशी संपर्कच तुटला आहे. तेव्हा तर संशय गिअरबॉक्सच्या आधी तारांवर आणि वीजपुरवठ्यावर जायला हवा. पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला म्हणजे आरोप सिद्ध झाला नाही, तपास तिथून सुरू होतो, कोडचंही तसंच. त्या कोडसोबत बहुधा एक टिपणही साठवलेलं असतं: बिघाड नोंदला तेव्हा वेग, तापमान, व्होल्टेज किती होतं याचं. तपासाला सर्वांत उपयोगी चीज तीच. बॅटरीची तार काढून पुन्हा लावा, दिवा जाईल, हा सल्ला सर्रास दिला जातो, आणि कधी कधी दिवा जातोही. पण त्याच झटक्यात हे टिपणही पुसलं जाऊ शकतं आणि पुढच्या मेकॅनिकला कोऱ्या पाटीपासून सुरुवात करावी लागते.

तपास बाहेरून आत जायला हवा, आणि बाहेरचं पहिलं ठाणं बॅटरी. स्पोर्ट्‌स कार बहुतेक वेळा गॅरेजमध्ये उभी असते, आणि उभ्या गाडीतही चोरीचा अलार्म व इतर संगणक थोडी थोडी वीज खात राहतात. पूर्ण भरलेल्या बॅटरीवर इंजिन बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट मिळतात; १२.२ आले तर ती जेमतेम निम्मी भरलेली आहे. स्टार्टर फिरताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली कोसळत असेल, तर त्या क्षणी संगणकाला पुरेशी वीज मिळत नाही आणि तो चुकीच्या नोंदी करू शकतो. इंजिन चालू झाल्यावर साडेतेरा ते साडेचौदाच्या आसपास आकडा यायला हवा. नाही आला तर संशय अल्टरनेटरकडे वळतो. त्यानंतर अर्थिंग. इंजिन आणि गाडीचा सांगाडा यांना जोडणारी जाड पट्टी गंजली की वीज परतीची वाट अडखळत शोधते आणि सेन्सरचे आकडे हलायला लागतात. कोकणच्या किंवा गोव्याच्या खाऱ्या दमट हवेत, मुंबईच्या चार महिन्यांच्या पावसात ही शक्यता दुय्यम मानू नये. मग येतात संगणकांना आपसांत जोडणाऱ्या दोन पिळलेल्या तारा. बॉश कंपनीने १९८६ साली मांडलेल्या कॅन या पद्धतीत या तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोध असतो, त्यामुळे बॅटरी सोडवून दोन तारांमध्ये मोजलं तर साधारण ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर कुठेतरी एक टोक तुटलंय. ही तपासणी साध्या मल्टिमीटरने होते आणि गिअरबॉक्सचा एक बोल्टही सैल करावा लागत नाही.

हे सारं पुस्तकी वाटू नये म्हणून एक मोठं उदाहरण देतो. फोक्सवॅगनचा सात गिअरांचा, कोरड्या क्लचचा डीएसजी एकेकाळी जगभर तक्रारींचा विषय झाला. चीनमध्ये २०१३च्या मार्चमध्ये कंपनीने ३,८४,१८१ गाड्या परत बोलावल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जगभरच्या १६ लाख गाड्यांमधलं गिअरबॉक्सचं तेल बदलून देण्याची घोषणा झाली. कारण असं, की उष्ण आणि दमट हवेत सिंथेटिक तेलामुळे गिअरबॉक्सच्या इलेक्ट्रॉनिक भागात बिघाड होऊन वीजपुरवठा खंडित होण्याची शक्यता होती, म्हणून खनिज तेल भरायचं ठरलं. तक्रार गिअरची, मूळ तेलात आणि विजेत! आपल्याकडे चाकणच्या कारखान्यात तयार झालेल्या पोलो जीटी टीएसआयमध्ये याच घराण्याचा गिअरबॉक्स होता, म्हणून ही गोष्ट महाराष्ट्राला परकी नाही. पीडीकेची कहाणीही याच वळणाची आहे. त्यात फोर्कची जागा मोजणारा सेन्सर गिअरबॉक्सच्या पोटात बसलेला असतो. तो बिघडला की गाडी अडते, आणि कित्येक मालकांना त्यावर अख्खा गिअरबॉक्स बदलण्याचा उपाय सांगितला गेला. पुढे स्वतंत्र गॅरेजांनी गिअरबॉक्स उघडून नेमका तो सेन्सर बदलायला सुरुवात केली आणि त्याच गाड्या त्याच दातेरी चाकांवर पुन्हा धावू लागल्या.

यावर पहिला आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो रास्त आहे. भर रस्त्यात ताकद तुटली तर मागून येणारा ट्रक संगणकाची अडचण समजून घेणार नाही. म्हणून तपास करा याचा अर्थ सूचना झुगारून गाडी चालवत राहा असा मुळीच नाही. थांबा असं पडद्यावर लिहून आलं तर थांबायचं, आणि गाडी चाकांवर ओढत न नेता सपाट ट्रकवर चढवून न्यायची. क्लच तापल्याची सूचना मात्र वेगळी. चढावरच्या ट्रॅफिकमध्ये इंच इंच सरकताना क्लच अर्धवट धरून घासत राहतो आणि तापतो. थांबून थंड होऊ दिल्यावर ती सूचना गेली आणि पुन्हा तशाच परिस्थितीतच आली, तर दोष यंत्रापेक्षा चालवण्याच्या पद्धतीत असण्याचा संभव जास्त.

दुसरा आक्षेप कारागिरांचा आहे. दातेरी चाकं आणि फोर्क खरंच झिजतात, तेलात धातूचा चुरा खरंच सापडतो. अशा वेळी तारा मोजत बसणं म्हणजे वेळ घालवणं, शिवाय गिअरबॉक्स उघडायला स्वच्छ जागा, नेमकी हत्यारं आणि नंतर क्लचची नवी जुळणी करणारं सॉफ्टवेअर लागतं. सगळं खरं. पण तेलात चुरा आहे की नाही हे तेल काढून बघितल्यावरच कळतं, म्हणजे तोही तपासच झाला. आणि हत्यारांच्या अभावाचं म्हणाल, तर तो अभाव निसर्गनियम नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो याच कारणासाठी: सुटे भाग आणि निदानाची साधनं स्वतंत्र गॅरेजांना मिळू दिली जात नव्हती. कंपन्यांनी त्या आदेशाला आव्हान दिलं, तरी आयोगाने बोट ठेवलं ती जागा अचूक होती. ज्याच्याकडे संगणकाशी बोलण्याचं साधन नाही, त्याला अंदाजच करावा लागतो. आणि साधन असणाऱ्याला स्पर्धा नसेल, तर तपासाचे चार तास खर्च करण्यापेक्षा अख्खा भाग बदलणं त्याच्या सोयीचं पडतं.

गाडी वॉरंटीत असेल तर अधिकृत केंद्राखेरीज कुणाला हात लावू देऊ नये, हे उघड आहे. वॉरंटी संपलेली असेल, तर मालकाने यंत्र समजून घेतलंच पाहिजे असं नाही. काही गोष्टी मागितल्या तरी पुष्कळ होतं. कोणते कोड कोणत्या संगणकात होते आणि तेव्हाचं व्होल्टेज व तापमान किती होतं, याचा छापील कागद. बॅटरी, अर्थिंग आणि कनेक्टर तपासल्याची नोंद, आकड्यांसकट. तेल काढलं असेल तर त्यात काय दिसलं याचा फोटो. बिघाड गाडी गरम झाल्यावरच येतो की थंड असतानाही, पावसानंतर येतो की केव्हाही, हे मालकाने स्वतः लिहून ठेवलं तर मेकॅनिकचं निम्मं काम सोपं होतं, कारण गरम झाल्यावर तुटणारा आणि थंड झाल्यावर जुळणारा सांधा वर्कशॉपमधल्या थंड गाडीत सापडत नाही. एवढं सगळं समोर ठेवूनही जो गिअरबॉक्स बदलावाच लागेल म्हणतो, त्याने नेमका कोणता भाग कशामुळे गेला हे बिलावर लिहून द्यावं आणि काढलेला जुना गिअरबॉक्स मालकाला दाखवावा.