थंडीतील ट्रॅक्टर आणि सहा व्होल्टची बॅटरी

शेतीच्या यांत्रिकीकरणाचा विचार करताना अश्वशक्ती, नांगरटीचा वेग आणि इंधनाचा खर्च यांचा हिशेब आपण आवर्जून मांडतो. परंतु पहाटेच्या गारठ्यात यंत्र मुळात सुरूच झाले नाही, तर हा सारा हिशेब कागदावरच राहतो. यंत्राचे सुरू होणे ज्या एका लहानशा पेटीवर अवलंबून असते, ती म्हणजे बॅटरी. अमेरिकेतील जुन्या, सहा व्होल्टच्या ट्रॅक्टरांचा अनुभव या दृष्टीने बोधप्रद आहे.

जुनी रचना

फोर्ड कंपनीने १९३९ साली ‘९ एन’, १९४२ साली ‘२ एन’ आणि १९४७ साली ‘८ एन’ हे ट्रॅक्टर अमेरिकेत बाजारात आणले. त्यांपैकी ‘८ एन’चे उत्पादन १९५२ पर्यंत चालले व त्याचे पाच लाखांहून अधिक नग तयार झाले. पेट्रोलवर चालणारे चार सिलिंडरचे इंजिन आणि सहा व्होल्टची बॅटरी ही या ट्रॅक्टरांची सर्वसाधारण रचना होय. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तांबे व रबर यांची टंचाई निर्माण झाली, तेव्हा ‘२ एन’चे काही नग बॅटरीविना आणि लोखंडी चाकांवर तयार करण्यात आले. ते हँडल फिरवूनच सुरू करावे लागत. यांतील अनेक ट्रॅक्टर आजही तेथील लहान शेतांवर गवत कापण्याचे व बर्फ हटविण्याचे काम करीत आहेत. बर्फ पडतो त्याच दिवशी ट्रॅक्टरची निकड सर्वाधिक असते आणि नेमके त्याच दिवशी तो सुरू होणे सर्वांत कठीण असते.

थंडी काय करते?

बॅटरीतील वीज ही शिसे आणि सौम्य गंधकाम्ल यांच्यातील रासायनिक क्रियेतून निर्माण होते. तापमान उतरले की ही क्रिया मंदावते. २७ अंश सेल्सिअसला बॅटरी जेवढा जोर देते, त्याच्या सुमारे दोनतृतीयांश जोर ती शून्य अंशाला देते. शून्याखाली १८ अंशांवर तो निम्म्याहूनही कमी होतो. दुसऱ्या बाजूस इंजिनातील वंगण तेल घट्ट होते व इंजिन फिरविण्यास अधिक जोर लागतो. पेट्रोलची वाफही थंडीत नीट होत नाही. म्हणजे मागणी वाढते त्याच वेळी पुरवठा घटतो.

सहा व्होल्टची अडचण

शिसे-आम्लाच्या प्रत्येक घरात साधारणतः दोन व्होल्ट दाब असतो. तीन घरांची बॅटरी सहा व्होल्टची, तर सहा घरांची बारा व्होल्टची होते. आता एक साधे गणित पाहू. स्टार्टरला १,२०० वॉट शक्ती हवी असेल, तर बारा व्होल्टवर १०० अँपिअर प्रवाह पुरतो. सहा व्होल्टवर मात्र २०० अँपिअर लागतो. वायर आणि गंजलेली टोके यांचा एकूण रोध अवघा ०.००५ ओहम धरला, तरी सहा व्होल्टच्या पद्धतीत एक व्होल्ट, म्हणजे एकषष्ठांश दाब, वाटेतच खर्ची पडतो. बारा व्होल्टच्या पद्धतीत अर्धा व्होल्ट, म्हणजे चोविसावा भाग, वाया जातो. सापेक्ष हानी चौपट! शिवाय ठिणगी पाडणाऱ्या कॉइललाही याच बॅटरीतून वीज मिळत असल्याने स्टार्टर फिरत असताना ठिणगी दुबळी होते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. अनेकदा दोष बॅटरीचा नसून जोडणीचा असतो. बारा व्होल्टच्या मोटारीची बारीक केबल सहा व्होल्टच्या ट्रॅक्टरला बसविल्यास नवी बॅटरीही निरुपयोगी ठरते. जाड केबल, घासून स्वच्छ केलेली टोके आणि सांगाड्याशी घट्ट, रंगविरहित जोड हे यावरील पहिले व स्वस्त उपाय होत.

निगा आणि बदल

थंडीत बॅटरी पूर्ण भारित ठेवणे अगत्याचे असते. पूर्ण भारित बॅटरीतील आम्ल शून्याखाली ५० अंशांपर्यंतही गोठत नाही. पण उतरलेल्या बॅटरीतील द्रव शून्याखाली दहा अंशांच्या आसपासच गोठतो व तिचे कवच फुटू शकते. हे ट्रॅक्टर दिवसातून थोडाच वेळ, तोही मंद गतीने चालविले, तर डायनॅमो पुरेसे भारण करीत नाही. बॅटरी दीर्घकाळ अर्धवट भारित राहिल्यास तिच्या पट्ट्यांवर कठीण थर जमतो व तिचे आयुष्य घटते. म्हणून हायड्रोमीटरने आम्लाची घनता तपासणे, घट भरण्यास डिस्टिल्ड वॉटरच वापरणे व ऋतुमानानुसार पातळ तेल घालणे हितावह असते.

अनेकांनी हे ट्रॅक्टर बारा व्होल्टवर नेले आहेत. मात्र त्यासाठी केवळ बॅटरी बदलून भागत नाही. अल्टरनेटर, कॉइलला योग्य रोधक आणि दिव्यांचे बल्ब हेही बदलावे लागतात. मूळ रचनेत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असते, याचेही भान ठेवावे लागते.

जिवाशी खेळ नको

गिअर तटस्थ स्थितीत असल्याखेरीज स्टार्टरची कळ दाबली जाऊ नये, अशी योजना ‘८ एन’मध्ये आहे. ट्रॅक्टर सुरू होत नाही म्हणून जमिनीवर उभे राहून स्टार्टरची टोके स्क्रूड्रायव्हरने जोडली, तर ही सुरक्षा निष्फळ होते. ट्रॅक्टर गिअरमध्ये असल्यास तो तत्क्षणी पुढे सरकून माणसाला चिरडतो. हा मोह कोणत्याही ट्रॅक्टरबाबत प्राणघातकच ठरतो. भारणाच्या वेळी बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन बाहेर पडतो. त्यामुळे जवळ विडी वा काडी पेटवू नये. बॅटरी काढताना सांगाड्याला जोडलेले टोक प्रथम सोडवावे.

आपल्यासाठी बोध

आपल्याकडील आजचे ट्रॅक्टर डिझेलवर चालणारे व बारा व्होल्टचे आहेत. परंतु रसायनशास्त्राचा नियम सर्वत्र एकच. नाशिक जिल्ह्यातील निफाड परिसरात काही वर्षी पारा पाच अंशांच्या खाली उतरतो. डिझेल इंजिन दाबाच्या उष्णतेवर पेट घेत असल्याने ते पुरेशा वेगाने फिरणे आवश्यक असते. द्राक्षबागेतील फवारणी पहाटेच व्हावयाची असेल, तर एका गंजलेल्या टोकापायी औषधाची वेळ टळू शकते व त्याची किंमत बागाईतदाराला मोजावी लागते.

निकामी बॅटरीतील शिसे विषारी असते. लहान मुलांना त्याचा धोका विशेष असतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार अशा बॅटऱ्यांचे संकलन व पुनर्चक्रीकरण अधिकृत यंत्रणेमार्फतच व्हावयास हवे. गावात बॅटऱ्या फोडून आम्ल नाल्यात सोडले जात नाही ना, याकडे पंचायत सदस्यांनी लक्ष पुरवावे. शिक्षकांना वरील गणित वर्गात सहज सोडवून दाखविता येईल. हिवाळा सुरू होण्यापूर्वी केलेली अर्ध्या तासाची तपासणी ऐन हंगामातील संपूर्ण दिवस वाचवू शकते, हेच या जुन्या ट्रॅक्टरांचे सांगणे आहे.