युद्धकाळातला वटहुकूम आणि कागद नसलेला माणूस

युद्ध संपते, पण युद्धाच्या नावाखाली सत्तेने घेतलेले अधिकार संपत नाहीत. परदेशातून येणाऱ्या माणसाची झडती, अटक आणि स्थानबद्धता यांविषयीचे आपल्याकडील कायदे या दृष्टीने तपासण्यासारखे आहेत.

ऑगस्ट १९१४ मध्ये ब्रिटन पहिल्या महायुद्धात उतरले. त्याच महिन्यात हिंदुस्थान सरकारने परकीयांसंबंधी वटहुकूम काढला आणि ५ सप्टेंबर रोजी 'हिंदुस्थान प्रवेश वटहुकूम' आणला. पहिल्याचा रोख परकीयांवर होता. दुसऱ्याचा रोख मात्र मायदेशी परतणाऱ्या हिंदी माणसांवर होता. अमेरिका-कॅनडातले गदर पक्षाचे लोक परत येऊन उठाव करतील, ही सरकारची भीती. त्यामुळे देशात पाऊल ठेवणाऱ्या कोणाचेही स्वातंत्र्य केवळ हुकमाने आवळता येऊ लागले. गुन्हा घडायची किंवा खटला चालायची गरजच उरली नाही.

हा वटहुकूम निघाला तेव्हा 'कोमागाटा मारू' हे जहाज परतीच्या वाटेवर होते. ३७६ हिंदी प्रवाशांना घेऊन ते मे १९१४ मध्ये व्हँकुव्हरला पोहोचले होते. कॅनडा सरकारने दोन महिने ते बंदरात अडकवून ठेवले आणि मोजके प्रवासी वगळता सर्वांना परत पाठवले. सप्टेंबरअखेर हुगळीच्या मुखाशी पोलिसांनी जहाजाची झडती घेतली. २९ सप्टेंबरला बजबज येथे प्रवाशांना उतरवून खास गाडीने पंजाबात नेण्याचा हुकूम सुटला. अनेकांनी तो नाकारला व ते कलकत्त्याकडे चालू लागले. त्यांना मागे फिरवण्यात आले आणि संध्याकाळी गोळीबार झाला. वीसच्या आसपास माणसे मेली, त्यांत बहुसंख्य प्रवासी होते. स्वतःच्याच देशात ते 'बाहेरून आलेले' ठरले होते.

पुढच्या दोन वर्षांत पंजाबात परतलेल्या सुमारे आठ हजार लोकांची छाननी झाली. सुमारे चारशेंना तुरुंगात, तर अडीच हजारांना आपापल्या गावात स्थानबद्ध केले गेले.

गावाबाहेर पडायचे नाही, पोलिसांच्या नजरेखाली राहायचे, ही शिक्षा आपल्या वाचकांना अनोळखी नाही. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी पारधी, कैकाडी, मांग-गारुडी यांच्यासारख्या जमातींवर पुढे हेच लादले: हजेरी, पास, झडती. तिथे संशय जन्मावर होता, इथे प्रवासावर. पण दोन्हीकडे प्रश्न 'तू काय केलेस?' असा नव्हता, तर 'तू कोण आहेस?' असा होता. सत्तेचे हे जुनेच हत्यार युद्धाने बंदरावर आणून ठेवले, एवढेच.

युद्ध सरले, तरी युद्धकाळातल्या पासपोर्ट-नियमांतून १९२० चा पासपोर्ट कायदा झाला. त्यात पोलिसांना वॉरंटाशिवाय अटकेचा अधिकार होता. दुसऱ्या महायुद्धातल्या १९४० च्या तात्पुरत्या कायद्याची जागा १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याने घेतली. आपण परकीय नाही, हे सिद्ध करण्याचा भार त्याने त्या माणसावरच टाकला. १ सप्टेंबर २०२५ पासून हे दोन्ही कायदे जाऊन नवा कायदा लागू झाला. पण सिद्धतेचा भार तिथेच राहिला आणि वॉरंटाशिवाय अटकेचा अधिकार हेड कॉन्स्टेबलपर्यंत खाली आला.

हा भार सर्वांना सारखा पेलत नाही. ज्याच्या घरात सात-बारा, खरेदीखत, आजोबांचा शाळेचा दाखला आहे, तो कागद काढून दाखवील. आमच्यापैकी कित्येकांच्या घरातला पहिला कागद म्हणजे आमचाच शाळेचा दाखला. वीटभट्टीवर, ऊसतोडीला फिरणाऱ्याकडे तर तोही नसतो. अशा माणसाला 'सिद्ध कर' म्हणणे म्हणजे त्याला आधीच दोषी ठरवणे होय.

सप्टेंबर १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीत जे कलम मांडले, ते आज कलम २२ म्हणून घटनेत आहे. अटकेचे कारण सांगणे, वकील मिळणे, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे हे हक्क त्यात आहेत. शत्रुराष्ट्राचा नागरिक आणि प्रतिबंधक स्थानबद्धता हे अपवादही त्यातच आहेत. युद्धाची सावली घटनेवरही पडली, ती अशी. पण कलमातला शब्द 'व्यक्ती' आहे, 'नागरिक' नव्हे. वस्तीतून कोणाला उचलून नेले तर कार्यकर्त्याने हा एक शब्द हाती धरून ठाण्यात जावे. कागद नंतर शोधता येतील, चोवीस तास मात्र लगेच मोजायला लागावे.