पाटी खोटी, फोन नंबर खरा

कसारा घाट चढून इगतपुरीला येणारी बहुतेक माणसं पावसासाठी, विपश्यनेसाठी नाहीतर शनिवार-रविवारच्या विसाव्यासाठी आलेली असतात. ऑगस्ट २०२५मध्ये सीबीआयचं पथक इथे आलं ते एका रिसॉर्टमधल्या भाड्याच्या जागेत चाललेल्या कॉल सेंटरसाठी. छापा पडला तेव्हा तिथे ६२ जण काम करत होते. सीबीआयच्या म्हणण्यानुसार, अ‍ॅमेझॉनच्या ग्राहकसेवेतून बोलतोय असं भासवून अमेरिका, कॅनडा आणि इतर देशांतल्या लोकांकडून गिफ्ट कार्ड आणि क्रिप्टो चलनाच्या रूपात पैसे उकळले जात होते. ४४ लॅपटॉप, ७१ मोबाइल, १ कोटी २० लाखांची रोकड, अर्धा किलो सोनं आणि ७ महागड्या गाड्या जप्त झाल्या. आरोप कोर्टात सिद्ध व्हायचे आहेत. पण या प्रकरणात कामाची जी वाटणी समोर आली ती कॉम्प्युटर वापरणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावी अशी आहे.

डायलर, व्हेरिफायर आणि क्लोजर अशा तीन प्रकारची माणसं तिथे होती. नावांवरूनच काम कळतं. पहिला गिऱ्हाईक गाठतो, दुसरा त्याला चाचपतो, तिसरा व्यवहार उरकतो. या साखळीला एकच गोष्ट लागते, ती म्हणजे फोनवर आलेला घाबरलेला माणूस. इगतपुरीत सबब अ‍ॅमेझॉनची होती. अशाच इतर कॉल सेंटरांत ती व्हायरसची असते. ऑक्टोबर २०२३मध्ये ‘ऑपरेशन चक्र-२’मध्ये सीबीआयने देशभर ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या, त्यातली काही प्रकरणं मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅमेझॉनच्या तक्रारींवरून सुरू झाली होती. परदेशातल्या लोकांच्या स्क्रीनवर मोठ्या कंपनीच्या नावाने इशारा यायचा, खाली टोल-फ्री नंबर असायचा, आणि माणूस आपणहून फोन करायचा. डायलरचं काम इथे पॉप-अपच करून टाकतो. अमेरिकेच्या एफबीआयकडे २०२४ या एका वर्षात टेक-सपोर्टच्या नावाखाली झालेल्या फसवणुकीच्या ज्या तक्रारी आल्या, त्यांतलं नुकसान १४६ कोटी डॉलरच्या आसपास होतं.

असे पॉप-अप आपल्याकडेही येतात. घरच्या लॅपटॉपवर येतात, झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर येतात, परीक्षेचे फॉर्म भरणाऱ्या मुलांपुढेही येतात. म्हणून हा सापळा आतून पाहू.

पडद्यावर नेमकं काय असतं?

अचानक पूर्ण स्क्रीन निळी किंवा लाल होते. भोंगा वाजतो. यांत्रिक आवाज बजावतो, ‘कॉम्प्युटर बंद करू नका.’ विंडोज डिफेंडरसारखी दिसणारी चौकट व्हायरसची नावं भराभर मोजत जाते. खाली तुमचा आयपी अ‍ॅड्रेस, गावाचं नाव आणि ‘ताबडतोब संपर्क साधा’ असा नंबर. माउसचा बाण गायब. खिडकी बंद करायची फुली दिसत नाही.

हे सगळं एक वेबपेज आहे. ब्राउझरमध्ये उघडलेलं पान म्हणजे ओट्यावर आलेला विक्रेता. तो कितीही ओरडला तरी माजघरातल्या फडताळात काय आहे हे त्याला दिसत नाही. ब्राउझरची रचनाच तशी आहे. कुठल्याही वेबपेजला तुमच्या डिस्कवरच्या फायली आपल्या आपण वाचता येत नाहीत. मग ‘स्कॅन’ कसलं? ते आधीच बनवून ठेवलेलं चलच्चित्र असतं. म्हणूनच ‘सी ड्राइव्हवर व्हायरस सापडला’ हा इशारा कधीकधी सी ड्राइव्हच नसलेल्या मॅकवर किंवा मोबाइलवरही झळकतो.

आयपी अ‍ॅड्रेस तुम्ही उघडलेल्या प्रत्येक साइटला दिसतोच, त्याशिवाय पान तुमच्यापर्यंत येणार कसं? त्यावरून गावाचा अंदाज बांधता येतो आणि तोही अनेकदा चुकतो. इगतपुरीत बसलेल्याला नाशिक किंवा मुंबई दाखवलं जाऊ शकतं.

पूर्ण स्क्रीनचंही तसंच. यूट्यूबचा व्हिडिओ ज्या सोयीने स्क्रीनभर पसरतो तीच इथे वापरलेली असते. ब्राउझर ही सोय वापरणाऱ्याने कुठेतरी क्लिक केल्याशिवाय देत नाही, म्हणून हे पान आधी ‘पुढे जा’, ‘ओके’, ‘प्ले’ असलं काहीतरी दाबायला लावतं. बाण लपवणं ही पानाच्या सजावटीतली एक ओळ. ‘मागे’चं बटण चालत नाही, कारण पानाने तुमच्या इतिहासात खोट्या नोंदी घुसवलेल्या असतात. थोडक्यात, कॉम्प्युटर लॉक झालेला नसतो, लॉक झाल्याचा देखावा उभा केलेला असतो. त्या पाटीवर खरी गोष्ट एकच, तो फोन नंबर.

पाटी आली कुठून?

तीन वाटा मुख्य आहेत. पहिली जाहिरातींची. वेबसाइटवरच्या जाहिराती अनेक दलालांच्या हातांतून, सेकंदाच्या आत लिलाव होऊन येतात. त्या साखळीत भामट्याने एक जाहिरात विकत घेतली की चांगल्या साइटवरूनही वाचक भलत्या पानावर फेकला जातो. फुकट सिनेमे आणि क्रिकेटचं चोरटं थेट प्रक्षेपण दाखवणाऱ्या साइटींवर तर याचा सुळसुळाट असतो.

दुसरी वाट चुकीच्या टायपिंगची. प्रसिद्ध साइटच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडे करून तशा नावाची नोंदणी आधीच करून ठेवलेली असते.

तिसरी शोधाच्या निकालांची. सर्वांत वर ‘प्रायोजित’ म्हणून येणारी नोंद पैसे देऊन तिथे आलेली असते, ती अस्सल असेलच असं नाही. प्रिंटर बिघडला म्हणून कंपनीचा मदत क्रमांक शोधणारी माणसं इथेच फसतात.

बाहेर पडायचं कसं?

पानावर कुठेही क्लिक करू नका, ‘रद्द करा’वरही नाही, कारण ती बटणंसुद्धा त्यांनीच रंगवलेली असतात. कीबोर्ड वापरा. या क्रमाने:

१. एस्केपची कळ दोन-तीन सेकंद दाबून धरा. नुसती टिचकी पुरत नाही, कारण काही पानं ती अडवतात. दाबून धरली की ब्राउझर पूर्ण स्क्रीनमधून बाहेर येतो. मग ती टॅब बंद करा.

२. जमलं नाही तर ऑल्ट आणि एफ४ एकदम दाबा.

३. तरीही हटत नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. यादीतून ब्राउझरचं नाव निवडून ‘एंड टास्क’ करा. मॅकवर कमांड, ऑप्शन आणि एस्केप दाबलं की असाच पर्याय मिळतो.

४. काहीच सुचेनासं झालं तर पॉवरचं बटण कॉम्प्युटर बंद होईपर्यंत दाबून ठेवा. सेव्ह न केलेलं काम जाईल, एवढंच.

ब्राउझर पुन्हा उघडल्यावर तो ‘आधीची पानं परत आणू का?’ असं विचारेल. नको म्हणा, नाहीतर तीच पाटी परत येईल. न विचारता जुनी पानं उघडत असतील तर आधी वायफाय बंद करा, मग ब्राउझर उघडा आणि ती टॅब काढून टाका.

ब्राउझर अद्ययावत ठेवण्याचा फायदा इथे दिसतो. मायक्रोसॉफ्टने २०२५मध्ये एज ब्राउझरमध्ये ‘स्केअरवेअर ब्लॉकर’ आणला. पान स्क्रीनभर पसरून भीती घालतंय असं वाटलं की तो भोंगा बंद करून बाहेर पडायची वाट देतो. त्याच वर्षी गुगलने क्रोममध्ये अशी पानं ओळखण्यासाठी कॉम्प्युटरवरच चालणारं एआय मॉडेल वापरायला घेतलं. अशी पानं काही तासांत जन्मतात आणि नाहीशी होतात, त्यामुळे केवळ वाईट साइटींच्या यादीवर भागत नाही.

कोपऱ्यातून रोज येणारे इशारे

ब्राउझर बंद असतानाही स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात ‘५ व्हायरस सापडले’ असं येत राहतं, ही तक्रार फार ऐकू येते. इथे व्हायरस क्वचितच असतो. कधीतरी एखाद्या साइटने ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाव दाबा’ असं सांगितलं आणि आपण दाबलं, एवढंच झालेलं असतं. ती खरं तर नोटिफिकेशन पाठवायची परवानगी होती. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, तिथून ‘साइट सेटिंग्ज’ आणि ‘नोटिफिकेशन्स’ इथे जा. परवानगी दिलेल्या साइटींच्या यादीतली अनोळखी नावं काढून टाका. इशारे तिथेच थांबतात.

न बोलावलेली अ‍ॅप

भरतीच्या फॉर्मसाठी फोटो ५० केबीत बसवायचा आहे, पीडीएफची वर्ड फाइल करायची आहे, मराठी फॉन्ट हवा आहे. घाईघाईत शोध घेतला की पानभर हिरवी ‘डाउनलोड’ बटणं दिसतात, आणि त्यांतली बरीचशी जाहिराती असतात. खरं बटण सापडलं तरी इन्स्टॉलरमध्ये दुसरी दोन सॉफ्टवेअर गुंडाळून दिलेली असू शकतात. ‘रेकमेंडेड’ निवडून ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत गेलं की तीही बसतात. ‘कस्टम’ किंवा ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ निवडलं तर त्यांच्यापुढची खूण काढता येते. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याच्याच साइटवरून किंवा मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घेतलं तर हा धोका बराच कमी होतो.

‘पीसी क्लीनर’ नावाच्या जातीपासून विशेष सावध राहावं. ती फुकट तपासते, शेकडो दोष दाखवते आणि दुरुस्तीचे पैसे मागते. अमेरिकेत ऑफिस डेपो या मोठ्या दुकानसाखळीत असाच प्रकार उघडकीला आला. ग्राहकाला आधी चार प्रश्न विचारत. कॉम्प्युटर मंद चालतो का, पॉप-अप येतात का, अशा धर्तीचे. एकाचंही उत्तर ‘हो’ असलं की सॉफ्टवेअर व्हायरसची लक्षणं सापडल्याचं सांगे. तपासणीत काय निघालं याचा त्याच्याशी संबंधच नव्हता. २०१९मध्ये ऑफिस डेपोने अडीच कोटी आणि तिला हे सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या सपोर्ट डॉट कॉमने एक कोटी डॉलर भरून ते प्रकरण मिटवलं.

दुसरी जात ‘अ‍ॅक्टिव्हेटर’ची. विंडोज किंवा ऑफिस फुकट चालू करून देणारी ही फाइल आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगते. ज्याला घरात यायच्या आधी राखणदार हटवायचा आहे त्याचा हेतू काय असेल, हे वेगळं सांगायला नको.

नको ते शिरलंच असेल तर ‘सेटिंग्ज’मध्ये ‘अ‍ॅप्स’, मग ‘इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स’ उघडा आणि यादी तारखेनुसार लावा. त्रास सुरू झाला त्या दिवसाच्या आसपास बसलेली नावं वर येतील. ब्राउझरची एक्स्टेन्शन्स तपासा. टास्क मॅनेजरमधल्या ‘स्टार्टअप अ‍ॅप्स’मध्ये अनोळखी काही दिसलं तर बंद करा. नंतर ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून पूर्ण स्कॅन चालवा. तिथेच ‘अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल’खाली ‘रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन’मध्ये ‘पोटेन्शियली अनवॉन्टेड अ‍ॅप ब्लॉकिंग’ चालू आहे ना, हे बघून घ्या. रोजच्या कामासाठी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर नसलेलं साधं खातं वापरलं तर अनेक गोष्टी पासवर्ड विचारल्याशिवाय बसूच शकत नाहीत. चार जण वापरतात त्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर तर हे करावंच.

फोन केला तर?

पलीकडचा माणूस आधी एनीडेस्क, टीमव्ह्यूअर किंवा क्विक असिस्टसारखं रिमोट सॉफ्टवेअर चालू करायला सांगतो. ही सॉफ्टवेअर अस्सल आहेत, ऑफिसांतून रोज वापरली जातात, त्यामुळे अँटिव्हायरस त्यांना हटकेलच असं नाही. मग तो ‘पुरावे’ दाखवतो. इव्हेंट व्ह्यूअर उघडून लाल-पिवळ्या खुणांची लांबलचक यादी समोर ठेवतो. निरोगी कॉम्प्युटरमध्येही अशा नोंदी शेकड्याने असतात. काही जण काळ्या खिडकीत एक आज्ञा टाकून ‘८८८डीसीए६०’ने सुरू होणारा क्रमांक दाखवतात आणि म्हणतात, ‘हा तुमच्या कॉम्प्युटरचा गुप्त क्रमांक, आमच्या नोंदीशी जुळतोय बघा.’ तो क्रमांक झिप फाइलच्या एका सोयीचा आहे आणि जगातल्या कोणत्याही विंडोजवर तोच निघतो.

पुढचा टप्पा पैशांचा. ‘चुकून तुम्हाला जास्त परतावा गेला’ असं सांगून ते बँकेचं पान उघडायला लावतात आणि स्क्रीनवरचे आकडे बदलून दाखवतात. ब्राउझरमध्ये दिसणारा मजकूर कुणालाही आपल्यापुरता बदलता येतो. खात्यातली रक्कम त्याने हलत नाही. मग ‘जादा’ रक्कम गिफ्ट कार्डने परत मागितली जाते, कारण कार्डवरचा नंबर वाचून दाखवला की पैसे परत मिळवणं फार कठीण होतं.

इतकं घडून गेलं असेल तर लाजेत वेळ घालवू नका. इंटरनेट तोडा, रिमोट सॉफ्टवेअर काढा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं आणि कार्ड रोखायला सांगा. त्याच दुसऱ्या यंत्रावरून आधी ईमेलचा आणि नंतर इतर पासवर्ड बदला. १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा, किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन इथे नोंदवा. पैसे खात्या-खात्यांतून पुढे सरकायच्या आत कळवलं तर ते गोठवता येण्याची शक्यता अधिक असते. केंद्र सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’च्या साइटवर कॉम्प्युटर तपासण्याची साधनं फुकट मिळतात, पुण्याची क्विक हील कंपनी ही साधनं पुरवणाऱ्यांपैकी एक आहे.

आता खरा इशारा ओळखायचा कसा? मायक्रोसॉफ्टचं स्पष्ट म्हणणं आहे की त्यांच्या कुठल्याही एरर किंवा इशाऱ्याच्या संदेशात फोन नंबर नसतो. शंका आली तर स्टार्ट मेनूतून ‘विंडोज सिक्युरिटी’ स्वतः उघडून पाहा. खरोखर काही सापडलं असेल तर त्याची नोंद तिथे असेल. घरातल्या वडीलधाऱ्यांना वरच्या सगळ्या युक्त्या पाठ करायला सांगण्यात अर्थ नाही. स्क्रीनवर नंबर दिसला की तो फिरवायचा नाही, कॉम्प्युटर बंद करायचा आणि घरच्या एका ठरलेल्या माणसाला फोन करायचा, एवढं त्यांच्याशी आज बोलून ठेवा. डायलर, व्हेरिफायर आणि क्लोजर या तिघांचीही भाकरी त्या एका फोनवर अवलंबून असते.