खोली दहा बाय बाराची, आवाज नितळ हवा

आपल्या समाजाला गाणे शिकवावे लागत नाही. वामनदादा कर्डक गावोगाव फिरून गायले, प्रल्हाद शिंदे आणि विठ्ठल उमप यांचे आवाज १९८० आणि १९९० च्या दशकांत कॅसेटमधून घरोघरी पोहोचले. खुद्द बाबासाहेबांनाही संगीताची ओढ होती. ग्रंथांच्या आणि चळवळीच्या व्यापातून वेळ काढून त्यांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते. म्हणून कष्टकरी माणसाने घरी चांगल्या आवाजात गाणे ऐकणे ही चैन आहे, असे आम्ही मानत नाही. ज्या आकड्यांचा अर्थ ठाऊक नाही, त्या आकड्यांसाठी घामाचा पैसा मोजणे ही मात्र उधळपट्टीच आहे.

आता काळ थोडा बदलतो आहे. मुंबईच्या बी.डी.डी. चाळींतील खोली १६० चौरस फुटांची. २०२५ साली वरळीच्या काही कुटुंबांना त्याच जागी ५०० चौरस फुटांची घरे मिळाली. झोपण्याची स्वतंत्र खोली अनेकांच्या वाट्याला पहिल्यांदाच आली. पण आपल्यातील बहुतेकांची खोली अजून दहा बाय बाराची आहे. त्याच खोलीत मुलगी परीक्षेचा अभ्यास करते आणि रात्रपाळी करून आलेला भाऊ झोपतो. पलीकडे भिंतीला भिंत लावून शेजारी राहतो. अशा खोलीसाठी छोटा स्टिरिओ ॲम्प्लिफायर घ्यायचा तर काय पाहावे, ते येथे सांगत आहोत.

खोक्यावरचा आकडा

खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेल्या वॅटच्या आकड्याला भुलू नये. ‘पी.एम.पी.ओ.’ म्हणून जो आकडा छापतात, त्याला कोणतेही सर्वमान्य मोजमाप नाही. तो हजारांत असला तरी त्यातून काही कळत नाही. विचारायचे ते ‘आर.एम.एस.’ वॅट किती, म्हणजे सतत किती शक्ती मिळते ते.

दुकानदाराला ते सांगता आले नाही, तर स्वतःच हिशेब करावा. हल्लीचे छोटे ॲम्प्लिफायर बाहेरच्या अडॅप्टरवर चालतात. अडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात. त्यांचा गुणाकार म्हणजे वॅट. १२ व्होल्ट आणि ३ अँपिअर असेल, तर झाले ३६ वॅट. जो अडॅप्टर ३६ वॅट देतो, त्याच्या जोरावर यंत्र सतत १०० वॅट कुठून देणार? विहिरीत असेल तेवढेच पोहऱ्यात येते. चौथीतल्या मुलाला येणारा हा गुणाकार दुकानात उभे राहून जरूर करावा.

या छोट्या यंत्रांत बहुधा ‘क्लास डी’ जातीची चिप असते. ती वीज वाया घालवत नाही, फारशी तापत नाही, म्हणून यंत्र तळहाताएवढे होते. ‘टी.पी.ए. ३११६’ ही त्यांतील प्रसिद्ध चिप. ती दर बाजूला ५० वॅट देते असे म्हणतात ते खरे आहे, पण २१ व्होल्टवर, ४ ओहमच्या स्पीकरला आणि आवाज चांगलाच फाटू लागल्यावर. तीच चिप १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर ८ ओहमच्या स्पीकरला दर बाजूस आठेक वॅट देते आणि २४ व्होल्टवर सुमारे तीस.

मग किती वॅट हवेत?

आठ वॅट ऐकून नाराज होण्याचे कारण नाही. साधा घरगुती स्पीकर एका वॅटवर एक मीटर अंतरावर ८५ ते ९० डेसिबल आवाज देतो. खाटेवर बसलेल्या माणसापासून स्पीकर दोन मीटरवर धरला, तरी दोन स्पीकरांचा मिळून एकेका वॅटवर ८० डेसिबलच्या वर आवाज भरतो. एवढ्या आवाजात खोलीतल्या दोघांना एकमेकांशी मोठ्याने बोलावे लागते. आवाज कानाला दुप्पट वाटावा, तर शक्ती सुमारे दहापट लागते. म्हणून दहा वॅटचा वीस वॅट केला तर फरक थोडाच पडतो. आमच्या मते दहा बाय बाराच्या खोलीला दर बाजूस खरे दहा ते वीस वॅट पुष्कळ झाले.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे, हेही ध्यानात ठेवावे. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीचा आवाज वेगळा आणि घरातला वेगळा. घरात शब्द कळले पाहिजेत. आपली गाणी शब्दांसाठी आहेत, काच हलवण्यासाठी नाहीत.

हळू आवाजाची परीक्षा

दुकानदार नेहमी आवाज मोठा करून दाखवतो. आपण तो लहान करायला सांगावे, कारण घरी आपण हळूच ऐकणार. पहिली परीक्षा अशी, की गाणे न लावता बटण पूर्ण फिरवावे आणि स्पीकरला कान लावावा. मोठी सूं-सूं किंवा घुं-घुं ऐकू आली, तर ते यंत्र नको. पहाटे त्रिशरण-पंचशील हळू आवाजात लावले, की हीच सूं-सूं आधी ऐकू येईल. दुसरी परीक्षा, आवाज अगदी कमी ठेवून दोन्ही बाजू सारख्या वाजतात का ते पाहावे. हलक्या प्रतीच्या बटणात सुरुवातीला एक बाजू मोठी आणि दुसरी मुकी असते. तिसरे, बास आणि ट्रेबलची वेगळी बटणे असावीत. आवाज कमी केला की आपल्या कानाला ढोलकीचा खालचा सूर कमी ऐकू येतो. तेव्हा बास थोडा वाढवता येतो.

तारा जोडताना

स्पीकरच्या पाठीवर ४ किंवा ८ ओहम लिहिलेले असते. ॲम्प्लिफायरवर किमान जेवढे ओहम लिहिले असतील, त्याहून कमी जोडू नयेत. ४ ओहमचे दोन स्पीकर एकाच जागी शेजारीशेजारी जोडले तर ते २ ओहम होतात आणि यंत्र जळू शकते.

जुन्या डेकचे स्पीकर जोडताना आणखी एक सांभाळावे. अनेक घरांत दोन्ही स्पीकरांची उणे तार एकत्र पिळून एकच तार आणलेली असते. नव्या क्लास डी यंत्रांना ते चालत नाही. प्रत्येक स्पीकरला स्वतंत्र दोन तारा हव्यात. अधिकची तार दोन्हीकडे अधिकलाच जोडावी. एक उलटी झाली तर ढोलकीचा घुमारा नाहीसा होतो. तीन-चार मीटरसाठी साधी दोन पदरी तांब्याची तार पुरते, महागड्या तारेची गरज नाही. स्पीकर कोपऱ्यात कोंबू नयेत आणि शेजाऱ्याच्या भिंतीला टेकवू नयेत. खाली जुन्या रबरी चपलेचे तुकडे ठेवावेत, म्हणजे फळीची थरथर कमी होते.

पेटीतल्या कॅसेट

यंत्र केवळ ब्लूटूथवर चालणारे घेऊ नये. मागे लाल-पांढरी खोबण असलेलेच घ्यावे. घरोघरी लोखंडी पेटीत भीमगीतांच्या कॅसेट पडून आहेत. कुणाच्या लग्नातल्या गाण्यांची, कुणाच्या वस्तीतल्या गायन पार्टीची, कुठे गेलेल्या आजोबांच्या आवाजाची टेप असेल. त्यांतील कित्येक गाणी मोबाईलवर कुठेच सापडणार नाहीत आणि फीत दरवर्षी आणखी खराब होते आहे. चालू टेप या खोबणीला जोडून ती पुन्हा ऐकावीत आणि जमल्यास घरातल्या तरुणांनी संगणकावर उतरवून ठेवावीत. आपला इतिहास बराचसा गाण्यात आहे, म्हणून ही खोबण आम्हांला सर्वांत मोलाची वाटते.

पैशाची वाटणी

दहा रुपये असतील तर सहा स्पीकरला, तीन ॲम्प्लिफायरला आणि एक तारा-पिनांना, अशी वाटणी आम्ही सुचवतो. आवाजातला खरा फरक स्पीकर पाडतो. घरात जुने चांगले स्पीकर असतील, तर आधी ते तपासावेत. कडेचा फोम कुजला असेल तर कारागीर तो बदलून देतो, नव्या जोडीचा खर्च वाचतो.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तापकीर गल्लीत सुटे बोर्डही मिळतात. ‘४४४०’ चा बोर्ड सर्वांच्या ओळखीचा. ती चिप दर बाजूस सहा वॅट देते आणि लहान खोलीला पुरते. घरात आय.टी.आय. झालेले कोणी असेल तर त्यांनी जरूर जोडावा. मात्र २३० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर उघडा ठेवून लहान मुलांच्या घरात वापरू नये. अडॅप्टर घेताना त्यावर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि नोंदणी क्रमांक पाहावा.

पक्के बिल घ्यावे आणि त्यावर हमीची मुदत लिहून घ्यावी. दुकानदार टाळाटाळ करू लागला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. आणि एक शेवटचे. यासाठी हप्ते बांधून घेऊ नयेत. मुलांची फी आधी भरावी, दोन महिने थांबावे, मग रोख द्यावे. तोवर पेटीतल्या कॅसेट बाहेर काढून पुसून ठेवाव्यात आणि कोणती आधी लावायची ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे.