सपाट तुकड्यांची कमान

2021 च्या उन्हाळ्यात, करोनाच्या लाटेत, महाराष्ट्रात घरोघरी एकच चौकशी चालू होती: ‘एचआरसीटीचा स्कोअर किती आला?’ पंचवीसपैकी मिळालेल्या त्या आकड्यावर पुढची धावपळ ठरायची. तो फुप्फुसांच्या ज्या प्रतिमांवरून काढला जाई, त्या टिपणारी वस्तू सीटी स्कॅनरच्या गोल कड्यात झाकलेली असते. कड्याच्या एका बाजूला क्ष-किरणांची नळी आणि रुग्णाच्या पलीकडे, तिच्या समोर, डिटेक्टरची कमान. दोन्ही एकमेकांसमोर राहून रुग्णाभोवती फिरतात.

अशा यंत्रांचा भारतातला एक जुना पत्ता म्हणजे बंगळुरूच्या पूर्वेचे व्हाइटफील्ड. 1882 मध्ये अँग्लो-इंडियन कुटुंबांसाठी वसवलेल्या या शेतवस्तीच्या आसपास आता कारखाने आणि संगणक कंपन्या आहेत. विप्रो आणि जीई यांची वैद्यकीय उपकरणांची भागीदारी 1990 ची. 1997 मध्ये जीईने भारत इलेक्ट्रॉनिक्सबरोबर क्ष-किरण नळ्या बनवणारी कंपनी काढली. 2000 मध्ये जीईचे जॉन वेल्च संशोधन केंद्र इथेच उघडले. विप्रो जीईने 2022 मध्ये ‘रिव्होल्युशन अस्पायर’ हा भारतात बनलेला सीटी बाजारात आणला.

डिटेक्टरला बाक कशासाठी? नळीतल्या एका बिंदूतून किरण सुमारे 55 अंशांत फाकतात. समोर सपाट पट्टी ठेवली, तर मधल्यापेक्षा टोकाचे अंतर बारा-तेरा टक्के जास्त भरते आणि टोकाचा किरण तिरका शिरतो. दोन मिलिमीटर जाडीच्या थरात असा किरण बाजूला जवळजवळ एक मिलिमीटर सरकतो, म्हणजे थेट शेजारच्या घरात, किरण मोजणाऱ्या पुढच्या छोट्या खणात, जातो. म्हणून प्रत्येक घराचे तोंड त्या बिंदूकडेच हवे. घरांमधल्या टंगस्टनच्या पातळ पट्ट्याही त्याच बिंदूवर रोखलेल्या असतात. शरीरात आपटून भरकटलेले किरण त्या अडवतात.

अडचण अशी, की इलेक्ट्रॉनिक्सचे कारखाने सपाटीवरच चालतात. क्ष-किरणांचा प्रकाश करणारी सिरॅमिक वडी घासून सपाट करतात, त्या प्रकाशाची वीज करणारे फोटोडायोड सिलिकॉनच्या सपाट चकतीवर घडतात. बाक येतो तो शेवटी, जुळणीत. गोल विहीर सरळ विटांनीच बांधतात, तसेच हे काम. तुकडा 16 मिलिमीटर रुंद आणि कमानीची त्रिज्या 950 मिलिमीटर धरली, तर खऱ्या वर्तुळापासून तुकड्याचा मध्य फक्त 0.034 मिलिमीटर हटतो. असे 57 तुकडे ओळीने बसवले की पूर्ण 55 अंश भरतात.

सोनोग्राफीत पोटावर फिरवतात त्या कॉन्व्हेक्स प्रोबला हा उपाय पुरत नाही. तिथे बाक काही सेंटिमीटर त्रिज्येचा आणि एकेक घर साधारण अर्ध्या मिलिमीटरचे. म्हणून पीझो सिरॅमिकची पट्टी लवचिक आधारावर चिकटवतात, हिऱ्याच्या पात्याने तिला बारीक चिरा पाडतात आणि मग साच्यावर वाकवतात. ठिसूळ सिरॅमिक स्वतः वाकत नाही, वाकतो तो चिरांखालचा आधार. सीटीत बाक जुळणीतून येतो, प्रोबमध्ये कापणीतून.

सीटीची जुळणी बिनचूक झाली तरी सगळी घरे सारखी नसतात. एखादे किंचित जास्त उजळते, एखादे तापमानाने बदलते. कड्याच्या प्रत्येक फेरीत तेच घर तीच चूक करते आणि प्रतिमेत एक वर्तुळ उमटते. तंत्रज्ञ त्याला ‘रिंग’ म्हणतात. ते टाळण्यासाठी कड्यात रुग्ण नसताना, रिकाम्या हवेतून किरण सोडून घराघराचे माप घेतात आणि पुढच्या प्रत्येक वाचनातून त्याचा फरक वळता करतात.

म्हणजे कारखान्यातून निघालेली कमान अर्धीच असते. उरलेली अर्धी गणितात असते आणि ती इस्पितळातच, पुन्हा पुन्हा, बांधावी लागते. म्हणून सीटीची ऑर्डर देणाऱ्या इस्पितळाने किमतीबरोबर विचारायचा प्रश्न हा: माप घेणारा आणि बिघडलेला तुकडा बदलणारा माणूस किती तासांत येईल? यंत्र देशात बनले, तर या प्रश्नाचे उत्तर कमी तासांचे असावे, अशी अपेक्षा ठेवायला हरकत नाही.